लंब रेषांचे चढ: गुणाकार −१ का येतो

दोन रेषा एकमेकींना काटकोनात छेदतात का, हे निर्देशक भूमितीत कोनमापक न लावता ठरवता येते. दोन्ही रेषांचे चढ काढले आणि त्यांचा गुणाकार −१ आला, की रेषा परस्परांना लंब आहेत हे सिद्ध होते. उलट, लंब रेषांच्या चढांचा गुणाकारही −१च येतो. अपवाद फक्त उभ्या रेषेचा. वर्गात हा नियम बहुधा एका ओळीत सांगितला जातो आणि तसाच पाठ होतो. पण ती संख्या −१च का, उभ्या रेषेपाशी नियम का अडतो, आणि काही आलेखांवर तो डोळ्यांना खोटा का वाटतो, या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. काटकोन म्हणजे पाव फेरा, आणि पाव फेऱ्यात आडवे अंतर उभे होते व उभे अंतर आडवे होते.

रेषेचा चढ म्हणजे तिच्यावरील कोणत्याही दोन बिंदूंमधल्या उभ्या फरकाला आडव्या फरकाने भागून येणारी संख्या. (१, २) आणि (५, ४) या बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेचा उभा फरक २ आणि आडवा फरक ४, म्हणून चढ १/२. त्याच रेषेवरचे दुसरे दोन बिंदू घेतले तरी उत्तर बदलत नाही, कारण तयार होणारे काटकोन त्रिकोण समरूप असतात. डावीकडून उजवीकडे जाताना वर चढणाऱ्या रेषेचा चढ धन, उतरणाऱ्या रेषेचा ऋण, आडव्या रेषेचा ०. उभ्या रेषेवर आडवा फरकच ० असतो आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून तिचा चढ अस्तित्वात नसतो.

ही संख्या रोजच्या व्यवहारातही वापरली जाते. कर्जत आणि लोणावळा यांच्यामधल्या भोर घाटात लोहमार्गाचा चढ ३७ला १ इतका आहे, म्हणजे ३७ मीटर आडवे पुढे गेल्यावर १ मीटर उंची. गणिताच्या भाषेत चढ १/३७. गाड्यांना मागून जादा इंजिने लावायला लावणारा हा घाट क्ष-अक्षाशी जेमतेम दीड अंशाचा कोन करतो. या मार्गाला लंब असलेल्या रेषेचा चढ −३७ येतो. एक रेषा जवळजवळ आडवी असेल तर तिला लंब असलेली रेषा जवळजवळ उभी असणार, हे मनाला पटणारेच आहे. नियम ते नेमक्या संख्येत सांगतो.

आता पाव फेरा नीट पाहावा. आरंभबिंदूतून जाणारी एक रेषा घेतली आणि तिच्यावर (प, फ) हा बिंदू घेतला. आरंभबिंदूपासून तिथे पोहोचायला प एवढे आडवे आणि फ एवढे उभे जावे लागते. ही दोन अंतरे आणि रेषेचा तो तुकडा मिळून एक काटकोन त्रिकोण होतो. हा अख्खा त्रिकोण आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंशांनी फिरवला, तर त्याची आडवी बाजू उभी होते आणि उभी बाजू डावीकडे आडवी पडते. त्यामुळे (प, फ) हा बिंदू (−फ, प) येथे जातो. पहिल्या रेषेचा चढ फ/प होता, फिरवलेल्या रेषेचा −प/फ झाला. दोघांचा गुणाकार केला की प आणि फ दोन्ही निघून जातात आणि फक्त −१ उरतो. उदाहरणार्थ (३, २) हा बिंदू (−२, ३) येथे जातो आणि २/३ या चढाच्या जागी −३/२ हा चढ येतो. रेषा आरंभबिंदूतून जात नसली तरी काही बिघडत नाही. ती स्वतःशी समांतर सरकवून तिथे आणता येते आणि सरकवल्याने चढ बदलत नाही.

लंब रेषेचा चढ काढताना दोन गोष्टी कराव्या लागतात: अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचे. विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका यांपैकी एकच गोष्ट केल्याने होतात, म्हणून प्रत्येक गोष्ट एकेकटी काय करते हे जाणून घेण्यासारखे आहे. फक्त अपूर्णांक उलटा केला, म्हणजे २/३ ऐवजी ३/२ घेतला, तर क्ष आणि य यांची अदलाबदल होते आणि रेषेचे ४५ अंशांच्या य = क्ष या रेषेत प्रतिबिंब मिळते. फक्त चिन्ह बदलले, म्हणजे −२/३ घेतला, तर क्ष-अक्षात प्रतिबिंब मिळते. यांपैकी एकेकट्याने काटकोन मिळेलच असे नाही. पण ज्या दोन रेषांमध्ये ४५ अंशांचा कोन आहे, त्यांच्यात एकापाठोपाठ एक प्रतिबिंब घेतले तर एकूण परिणाम ९० अंशांच्या फिरण्याइतका होतो. नियमातले दोन भाग एकमेकांना असे पूरक ठरतात.

−१ मधल्या ऋण चिन्हाचा अर्थही इथेच उलगडतो. दोन लंब रेषांपैकी कोणतीही अक्षाला समांतर नसेल, तर एक चढती आणि दुसरी उतरती असायलाच हवी. दोन्ही चढत्या रेषा पहिल्या चरणातून जाणाऱ्या असतात आणि त्यांच्यात काटकोन मावत नाही. शिवाय कोणतीही रेषा स्वतःला लंब असू शकत नाही, हे ज्याचा वर्ग −१ आहे अशी वास्तव संख्या नसते या वस्तुस्थितीशी नेमके जुळते.

फिरवण्याचा आधार न घेता केवळ पायथागोरसच्या प्रमेयातूनही नियम मिळतो. आरंभबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषांचे चढ म आणि न असतील, तर पहिल्या रेषेवर (१, म) आणि दुसरीवर (१, न) हे बिंदू असतात. आरंभबिंदूपासून त्यांच्या अंतरांचे वर्ग अनुक्रमे १ + म² आणि १ + न². दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेवर असल्याने त्यांच्यातल्या अंतराचा वर्ग (म − न)². आरंभबिंदूपाशी काटकोन असेल तर (म − न)² = २ + म² + न² हवे. डावी बाजू विस्तारली की दोन्हीकडचे म² आणि न² नाहीसे होतात आणि −२मन = २, म्हणजेच मन = −१ उरते. या सिद्धतेत एक मोठी सोय आहे. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यासही खरा असल्याने हीच पावले उलट दिशेने चालता येतात, त्यामुळे नियमाच्या दोन्ही बाजू एकदमच सिद्ध होतात.

दोन रेषांमधल्या कोनाचे सर्वसाधारण सूत्र पाहिले, तर लंब रेषांची जागा आणखी स्पष्ट होते. चढ म आणि न असतील तर त्यांच्यातल्या कोनाचे टॅन (म − न)/(१ + मन) इतके असते. चढ समान असतील तर अंश ० होतो: रेषा समांतर. मन = −१ असेल तर छेद ० होतो आणि टॅन अस्तित्वात राहत नाही, जसे ते ९० अंशांना राहत नाही. या सूत्रातून एक सुंदर निष्कर्ष हाती येतो. आलेख कागदाच्या छेदबिंदूंवर, म्हणजे ज्यांचे दोन्ही निर्देशक पूर्णांक आहेत अशा बिंदूंवर, तिन्ही शिरोबिंदू ठेवून समभुज त्रिकोण कधीच काढता येत नाही. अशा बिंदूंमधून जाणाऱ्या रेषांचे चढ परिमेय असतात, म्हणून सूत्रानुसार टॅनही परिमेय येते; पण ६० अंशांचे टॅन √३ आहे आणि ते अपरिमेय आहे. एखादी बाजू उभी असली तरी सुटका नाही, कारण उरलेल्या दोन्ही बाजू मग आडव्या रेषेशी ३० अंश करतात आणि ३० अंशांचे टॅनही अपरिमेय आहे. चौरसाची गोष्ट वेगळी. (प, फ) पूर्णांकी असेल तर (−फ, प) हाही पूर्णांकीच असतो, म्हणून छेदबिंदूंवर तिरके चौरस हवे तेवढे काढता येतात.

याचा उपयोग एका साध्या उदाहरणात दिसतो. अ(१, २), ब(५, ४) आणि क(३, ८) हे तीन बिंदू दिले आहेत. अब चा चढ १/२ आणि बक चा चढ ४/(−२), म्हणजे −२. गुणाकार −१, म्हणून ब पाशी काटकोन. अंतरे काढली तर अब आणि बक या दोघांचेही वर्ग २० येतात, म्हणजे त्रिकोण समद्विभुजही आहे आणि चौथा बिंदू शोधला तर चौरस पुरा होतो. तो शोधण्यासाठी सूत्रांची गरज नाही: ब पासून अ कडे जाताना ४ डावीकडे आणि २ खाली जावे लागते, तेवढेच क पासून गेले की (−१, ६) मिळतो. अशा प्रश्नात तिन्ही बाजूंच्या लांबी काढून पायथागोरस लावणारे विद्यार्थी बरोबर उत्तरावर पोहोचतात, पण तीन वर्ग आणि एक बेरीज करावी लागते. चढांनी तेच काम दोन भागाकारांत होते, आणि काटकोन कुठे आहे हेही लगेच कळते.

उभ्या रेषेचा अपवाद चढाच्या व्याख्येतून येतो, लंबत्वातून नव्हे. उभी आणि आडवी रेषा लंब असतात, पण त्यातल्या एकीला चढच नसल्याने गुणाकार करायला दुसरी संख्या मिळत नाही. मूळ पाव फेऱ्याकडे परतले की ही अडचण राहत नाही. रेषेची दिशा भागाकार न करता (प, फ) अशा जोडीनेच लिहावी. दुसऱ्या रेषेची दिशा (त, द) असेल, तर लंबत्वाची अट पत + फद = ० इतकीच आहे. आडव्या रेषेची दिशा (१, ०) आणि उभीची (०, १). दोन्ही गुणाकार ० आणि बेरीजही ०. दोन्ही रेषा तिरक्या असतील तेव्हा ही अट पत ने भागली, की मन = −१ हा ओळखीचा नियम परत मिळतो. रेषेचे समीकरण अक्ष + बय + क = ० अशा रूपात असेल तर तिला लंब असलेल्या रेषेची दिशा (अ, ब) ही सहगुणकांमध्येच लिहिलेली सापडते. ३क्ष + ४य = ७ या रेषेला लंब असलेली प्रत्येक रेषा म्हणूनच ४क्ष − ३य = काहीतरी अशी असते; उजवीकडची संख्या ती कोणत्या बिंदूतून जाते त्यावर ठरते. परीक्षेत चढ काढून मग पुन्हा समीकरण मांडण्यापेक्षा ही वाट बरीच जवळची आहे.

लंब रेषेची सर्वांत जास्त गरज अंतर मोजताना पडते, कारण बिंदूपासून रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर लंबावरूनच मोजले जाते. (६, ३) या बिंदूचे य = २क्ष + १ या रेषेपासूनचे अंतर हवे आहे. रेषेचा चढ २, म्हणून लंबाचा −१/२. बिंदूतून जाणारा लंब: य = −क्ष/२ + ६. दोन्ही समीकरणे एकत्र सोडवली की २क्ष + १ = −क्ष/२ + ६, त्यावरून क्ष = २ आणि य = ५. (२, ५) हा लंबपाद. त्यापासून (६, ३) पर्यंतचे अंतर √(१६ + ४), म्हणजे २√५, सुमारे ४.४७. लंबपाद ओलांडून तेवढेच पुढे गेले तर (−२, ७) हे मूळ बिंदूचे रेषेतले प्रतिबिंब मिळते. बिंदू ते रेषा अंतराचे जे सूत्र पुस्तकात दिलेले असते, ते याच तीन पायऱ्या अक्षरांनी करून मिळवलेले आहे. सूत्र विसरले तर पायऱ्या पुन्हा करता येतात. पायऱ्या माहीत नसतील तर विसरलेले सूत्र परत मिळत नाही.

त्रिकोणाच्या भूमितीत या नियमाचे खरे बळ दिसते. प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर काढलेले तीन शिरोलंब एकाच बिंदूतून जातात, हे प्रमेय केवळ आकृतीवरून सिद्ध करायला बरीच युक्ती लागते. निर्देशकांनी ते चार ओळींत होते, फक्त अक्ष सोयीचे निवडावे लागतात. त्रिकोणाचा पाया क्ष-अक्षावर ठेवला आणि शिखर य-अक्षावर: शिरोबिंदू (ल, ०), (स, ०) आणि (०, ह). शिखरातून काढलेला शिरोलंब म्हणजे य-अक्षच. (स, ०) ते (०, ह) या बाजूचा चढ −ह/स, म्हणून (ल, ०) मधून तिच्यावर काढलेल्या शिरोलंबाचा चढ स/ह. तो य-अक्षाला भेटतो तिथे य = −लस/ह. आता तिसऱ्या शिरोलंबासाठी पुन्हा गणित करण्याची गरजच नाही. ल आणि स यांची अदलाबदल केली की तिसरा शिरोलंब मिळतो, आणि −लस/ह हे मूल्य अदलाबदलीने बदलत नाही. तिन्ही रेषा (०, −लस/ह) या एकाच बिंदूत भेटतात. ल किंवा स यांपैकी एक ० असेल तर तिथेच काटकोन असतो आणि तो शिरोबिंदूच शिरोलंबसंपात ठरतो. ल आणि स एकाच बाजूला असतील, म्हणजे पायापाशी विशालकोन असेल, तर लस धन होतो आणि संपातबिंदू पायाच्या खाली, त्रिकोणाबाहेर जातो. काटकोन आणि विशालकोन यांसाठी वेगवेगळ्या आकृत्या काढायला लागत नाहीत. एकच सूत्र सगळे सांगून जाते.

संख्या घालून पाहिल्यास आणखी एक गोष्ट समोर येते. (०, ०), (६, ०) आणि (२, ४) या त्रिकोणात (२, ४) मधला शिरोलंब क्ष = २ ही रेषा आहे. (६, ०) ते (२, ४) या बाजूचा चढ −१, म्हणून आरंभबिंदूतला शिरोलंब य = क्ष. दोन्ही (२, २) मध्ये भेटतात. बाजूंचे लंबदुभाजकही चढांवरूनच काढता येतात: पायाचा लंबदुभाजक क्ष = ३, आणि (०, ०) ते (२, ४) या बाजूचा, मध्यबिंदू (१, २) मधून −१/२ चढाने जाणारा. ते (३, १) मध्ये भेटतात, हे परिकेंद्र. मध्यगासंपात म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंच्या निर्देशकांची सरासरी, (८/३, ४/३). तिन्ही बिंदू क्ष + य = ४ या रेषेवर बसतात, आणि शिरोलंबसंपातापासून मध्यगासंपातापर्यंतचे अंतर हे तिथून परिकेंद्रापर्यंतच्या अंतराच्या बरोबर दुप्पट आहे. समभुज त्रिकोण सोडला, ज्यात तिन्ही बिंदू एकच असतात, तर प्रत्येक त्रिकोणात असेच घडते. लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात हे दाखवले आणि ती रेषा त्याच्याच नावाने ओळखली जाते. शिरोलंबांचा अभ्यास युक्लिडच्या काळापासून चालत आला होता, तरीही तिन्ही संपातबिंदूंचे हे नाते समोर आले ते बिंदूंची अंतरे बीजगणिताने मांडल्यावर.

वर्तुळातही हाच नियम वेगवेगळ्या रूपांत भेटतो. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून क्ष² + य² = २५ या वर्तुळावरील (३, ४) पाशी त्रिज्येचा चढ ४/३ तर स्पर्शिकेचा −३/४, आणि समीकरण ३क्ष + ४य = २५. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकातले ३१वे विधान. त्याची सिद्धता चढांनी एका ओळीत मावते. व्यासाची टोके (−र, ०) आणि (र, ०), वर्तुळावरचा बिंदू (क्ष, य). त्या बिंदूतून टोकांकडे जाणाऱ्या जीवांच्या चढांचा गुणाकार य²/(क्ष² − र²). वर्तुळावर क्ष² − र² = −य² असते, म्हणून उत्तर −१. हेच उलट वाचले तर प्रश्न आणखी रंगतदार होतो: गुणाकार −१ ऐवजी दुसरी एखादी ठरावीक संख्या हवी असेल तर बिंदू कोणत्या वक्रावर फिरतो? −१/४ घेतल्यास क्ष² + ४य² = र², म्हणजे वर्तुळ उंचीत निम्मे दाबून झालेले लंबवर्तुळ. +१ घेतल्यास क्ष² − य² = र², म्हणजे अपास्त. वर्तुळ हे या साऱ्या कुटुंबातले काटकोनाचे सदस्य आहे.

अपास्ताचा विषय निघालाच आहे तर एका देखण्या प्रमेयाचा उल्लेख टाळता येत नाही. क्ष × य = १ या आयताकार अपास्तावर कोणतेही तीन बिंदू घेऊन त्रिकोण केला, तर त्याचा शिरोलंबसंपातही त्याच अपास्तावर येतो. शार्ल ब्रियाँशाँ आणि झाँ-व्हिक्तोर पाँसले या फ्रेंच गणितज्ञांनी हे १८२१ साली प्रसिद्ध केले. चढांनी ते आश्चर्यकारक सहजतेने दिसते. वक्रावरचा बिंदू (त, १/त) असा लिहिता येतो आणि (त, १/त) व (द, १/द) यांना जोडणाऱ्या जीवेचा चढ −१/(तद) इतका सुटसुटीत येतो. तिसरा बिंदू (ध, १/ध) घेतला. आता वक्रावरच असा चौथा बिंदू (न, १/न) हवा, की त्याला त शी जोडणारी जीवा दध या बाजूला लंब असेल. दोन चढांचा गुणाकार १/(तदधन), आणि तो −१ व्हायला न = −१/(तदध) हवा. या अटीत त, द, ध तिघांचाही वाटा सारखाच आहे, म्हणून तोच बिंदू तिन्ही शिरोलंबांवर असणार. (१, १), (२, १/२) आणि (−१, −१) घेऊन पडताळल्यास शिरोलंबसंपात (१/२, २) येतो, आणि १/२ × २ = १.

इतका विश्वासू नियम कागदावर मात्र फसवा भासू शकतो. शाळेच्या आलेख कागदावर क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = २ एकके असे प्रमाण पुष्कळदा घेतले जाते. त्या कागदावर १/२ आणि −२ चढाच्या रेषा काढल्या तर त्यांच्यात काटकोन दिसत नाही; कोनमापक सुमारे ५९ अंश दाखवतो. उभी अंतरे निम्मी झाल्याने कागदावरचे चढ १/४ आणि −१ होतात, आणि त्यांचा गुणाकार −१/४. पाव फेऱ्यात आडवे अंतर जसेच्या तसे उभे होते, हा नियमाचा पाया आहे, आणि तो दोन्ही अक्षांवर एकच माप असेल तरच टिकतो. संगणकावरच्या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमांतही पडद्यात आकृती बसवण्यासाठी अक्षांची प्रमाणे आपोआप बदलतात, त्यामुळे लंब रेषा तिरक्या वाटतात आणि वर्तुळे दबलेली दिसतात. याहून खोल मुद्दा एककांचा आहे. क्ष-अक्षावर तास आणि य-अक्षावर किलोमीटर असतील तर चढ म्हणजे वेग. दोन वेगांचा गुणाकार −१ आला, तर तास मिनिटांत बदलताच तो बदलेल. अशा आलेखावर दोन रेषा लंब आहेत या विधानाला अर्थच राहत नाही. अक्ष एकमेकांना लंब नसतील, तिरके असतील, तरीही −१ चा नियम चालत नाही.

तिरक्या अक्षांची ही शक्यता केवळ तात्त्विक नाही. रने देकार्तचे ‘ला जिओमेत्री’ १६३७ साली लायडेन येथे छापले गेले, आणि त्यात अक्षांमधला कोन प्रश्नाच्या सोयीनुसार निवडलेला असे. पिएर द फर्माने त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच पद्धत शोधली होती, पण त्याचे ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ साली प्रसिद्ध झाले. वक्रावरील बिंदूपाशी त्याला लंब असलेली रेषा, म्हणजे अभिलंब, कशी काढायची, हा प्रश्न देकार्त भूमितीतला सर्वांत उपयुक्त प्रश्न मानत असे. प्रकाशाचे परावर्तन आणि वक्रीभवन यांचे कोन अभिलंबापासूनच मोजले जातात, आणि भिंगांच्या आकारात देकार्तला मनापासून रस होता. त्याच पुस्तकासोबत त्याचा प्रकाशावरचा निबंधही छापलेला आहे. चढाची आजची कल्पना त्याच्या हाती नव्हती. वक्राला त्या बिंदूपाशी स्पर्श करणारे एक वर्तुळ शोधायचे, त्यासाठी समीकरणाला दुहेरी उत्तर यावे अशी अट घालायची, आणि मग त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे अभिलंब, अशी त्याची रीत होती. ती अचूक होती, पण समीकरण जरा मोठे झाले की फार कष्टाची होई. न्यूटन आणि लायप्निट्झ यांच्या कलनशास्त्रानंतर वक्राच्या स्पर्शिकेचा चढ विकलनाने थेट मिळू लागला आणि अभिलंबाला वेगळ्या रीतीची गरज उरली नाही. य = क्ष² या अन्वस्तावर (१, १) पाशी स्पर्शिकेचा चढ २; म्हणून अभिलंबाचा −१/२, समीकरण क्ष + २य = ३.

वक्रांपर्यंत पोहोचल्यावर नियम एकेका रेषेऐवजी वक्रांच्या संपूर्ण कुटुंबांना लावता येतो. क्षय = स्थिरांक या प्रत्येक वक्राच्या स्पर्शिकेचा चढ (क्ष, य) पाशी −य/क्ष असतो. क्ष² − य² = स्थिरांक या वक्रांचा चढ तिथेच क्ष/य असतो. गुणाकार −१, म्हणून पहिल्या कुटुंबातला कोणताही वक्र दुसऱ्यातल्या वक्राला जिथे भेटतो तिथे काटकोनातच भेटतो. नकाशावर समान उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या समोच्च रेषा आणि सर्वांत तीव्र उताराची दिशा यांच्यातही हेच नाते असते. विद्युत क्षेत्राच्या बलरेषा आणि समान विभवाच्या रेषा एकमेकींना अशाच छेदतात.

अवकाशात, म्हणजे तीन मितींत, मात्र चढाची कल्पना पुरेशी पडत नाही. तिथे रेषेची दिशा एका भागाकाराने सांगता येत नाही, तिला तीन संख्या लागतात. शिवाय एका रेषेला एका बिंदूतून एक नव्हे तर असंख्य लंब रेषा काढता येतात. पण दिशांच्या जोडीने लिहिलेली अट तशीच टिकते, तिच्यात फक्त एक पद वाढते. (प, फ, भ) आणि (त, द, ध) या दिशा लंब असण्यासाठी पत + फद + भध = ० असावे लागते. (१, २, २) ही दिशा (२, १, −२) या दिशेला लंब आहे, कारण २ + २ − ४ = ०; आणि (२, −२, १) ही दिशा त्या दोन्हींना लंब आहे. सदिशांच्या गणितात या बेरजेला अदिश गुणाकार म्हणतात, आणि दोन मितींतला −१ चा नियम हे त्याचेच एक विशेष रूप आहे.